मागची चार बोटं

होडीत कुणी कुठं बसायचं हे होडीवाला ठरवतो. आमच्या घरात हा नियम माझ्या आज्यापासून, म्हणजे गेनबा भोयापासून चालत आलाय. मांजरीजवळ पूल नव्हता तेव्हा आजा अख्खं गाव पलीकडं न्यायचा. एकदा एक वऱ्हाड आलं. नवरदेव फेटा सावरत ऐटीत मागच्या फळीवर जाऊन बसला. आजा म्हणाला, "नवरदेव, मधी खाली बसा." नवरदेवाचा बाप तापला. "खाली कसा बसंल? आज राजा हाय त्यो!" आजा म्हणाला, "राजा काठावर. हितं नुसतं वझं." आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवून त्यानं बिडी पेटवली. नवरदेव मधे खाली बसला, तेव्हाच होडी हलली.

मी आज्याला पाहिलं नाही, पण ही गोष्ट मी वर्गात तीनदा सांगितली आहे आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्यात.

मग पूल झाला, वऱ्हाडं ट्रकनं जायला लागली. आम्ही मासे धरायचो. पण नदी आमच्याकडं येते ती सगळं पुणं धुऊन येते, त्यामुळं मासाही गेला आणि त्याच्या जागी जलपर्णी आली. हिरवीगार पानं, वर जांभळी फुलं. नव्या सोसायटीतले लोक पुलावर गाडी थांबवून तिचे फोटो काढतात. आमची होडी मात्र दोन वर्षं बाभळीखाली उलटी पडून होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या.

माझे वडील संभाजी, त्यांना मी आप्पा म्हणते. त्या दोन वर्षांत आप्पांनी विटा वाहिल्या, ऊस तोडला, शेवटी एका सोसायटीत वॉचमनच्या कामाला विचारून आले. तिथल्या माणसानं त्यांना शिट्टी वाजवून दाखवायला सांगितली. आप्पांनी वाजवली. तो म्हणाला, "जोरात. चोराला ऐकू गेली पाहिजे." हे आप्पांनी घरी येऊन सांगितलं आणि स्वतःच हसले. आई हसली नाही. एक जूनपासून ते काम सुरू होणार होतं.

आणि मे महिन्यात मुकादम आला!

नदीतली जलपर्णी पावसाआधी काढायचं काम एका ठेकेदाराला मिळालं होतं. त्याचा हा मुकादम दिगंबर, पुण्यातून मोटरसायकलवर यायचा. पांढरी पॅंट, कमरेला मोबाईलचं पाकीट. बाभळीखालच्या होडीला बुटानं टकटक करून म्हणाला, "हिचं वय काय?"

"बारा वर्सं," आप्पा म्हणाले. "हडपसरच्या अमीननं केलेली हाय. पत्रा जाड हाय."

"वल्ह्यावर चालते?"

"व्हय."

"अहो, आपण काम करायला आलोय, नौकाविहाराला नाही. इंजिन लागेल. इंजिन ठेकेदार देईल. बसवून घ्या. नाहीतर दुसरी होडी बघतो."

आप्पा म्हणाले, "बसवतो की." इतकं पटकन म्हणाले की मी त्यांच्याकडं बघतच राहिले. पण मला कळलं. पावसापर्यंत होडीचं काम म्हणजे शिट्टी नाही. आणि काम नीट झालं तर पुढच्या वर्षीही आम्हालाच.

होडी टेम्पोत घालून हडपसरला नेली. अमीनचाचांचं वेल्डिंगचं दुकान बाजाराच्या मागं आहे. त्यांनी होडीवरून असा हात फिरवला जसा आई माझ्या केसांवरून फिरवते. मग इंजिन बघितलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"संभाजी, ह्याचा दांडा आखूड आहे. मागचा पत्रा एवढा उंच ठेवला तर पंखा पाण्याला लागणारच नाही."

"मग कापा," दिगंबर म्हणाला.

"कापतो हो. कापायला काय, कात्रीपण कापते." चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "पण मागनं एक वीत खाच पाडली की पाण्याला दरवाजा झाला. मग आतल्या बाजूनं एक आडवा पत्रा लावावा लागतो, इंजिनाच्या पुढं. आलं पाणी तर तेवढ्याच कप्प्यात येतं, भोकातनं परत बाहेर जातं. दोन दिवस द्या."

"उद्या सकाळी काम सुरू आहे. जलपर्णी काढायचीय, जहाज नाही बांधायचं."

चाचा आप्पांकडं बघत राहिले. आप्पा जमिनीकडं. मग ठिणग्या उडाल्या आणि आमच्या होडीच्या मागच्या पत्र्यात एक वीत खोल, दोन वीत रुंद खाच पडली. दात पडलेल्या म्हातारीसारखी दिसायला लागली होडी. त्या खाचेवर इंजिन बसलं. साखरेचं पोतं असावं तेवढं त्याचं वजन.

काम कसं असतं ते सांगते. जलपर्णी दिसते नाजूक, पण तिची मुळं हात-हात लांब, काळी, आणि पाण्यानं जड. आई दाताळ्यानं ती ओढायची, मी विळ्यानं तोडायची, दत्तोबा नावाचे एक म्हातारे मजूर होते, ते दोरी टाकायचे. खळ्याएवढा तरंगता पट्टा झाला की त्याला दोरीनं वेढा घालायचा, दोरी होडीच्या मागच्या कडीला बांधायची आणि इंजिन लावून तो सगळा हिरवा हत्ती काठाकडं ओढत न्यायचा. काठावर जेसीबी तो उचलायचा. दिवसाला आठ-दहा खेपा. अंगाला खाज सुटायची, कोपरापर्यंत हात हिरवे, आणि वास तर असा की भाकरीलाही तोच. दत्तोबांना पोहता येत नव्हतं. मी विचारलं, "मग होडीत कसे आलात?" ते म्हणाले, "मला कुठं पवायचंय? मला जलपर्णी काढायचीय."

मला मजा येत होती, खरं सांगते. सुट्टीत माझ्या मैत्रिणी मामाकडं गेल्या आणि मी नदीवर वल्हं मारत होते. होडी बाभळीखाली जायच्या आधीच शिकले होते मी. इंजिन गाळात अडकलं की आप्पा म्हणायचे, "मैना, घे वल्हं," आणि मी होडी काढायची. दंड बघा माझे!

पण मुकादम होडीत बसायला लागला तिथून बिघडलं. त्याला मधे बसायचं नव्हतं, कारण मधे ओलं. पुढं नको, कारण पुढं ऊन. तो मागं आप्पांच्या शेजारी फळीवर बसायचा, कारण तिथं मोबाईलला रेंज यायची म्हणे. दत्तोबा पण मागंच, दोरी सांभाळायला. तीन माणसं आणि इंजिन, सगळं मागं. होडीचं तोंड वर उचललेलं, जशी काही ती आभाळाला काही विचारतेय.

तिसऱ्या दिवशी मी मागं वाकून खाचेच्या कडेला हात लावला. खाचेची कड आणि पाणी, मधे माझी चार बोटं मावली. फक्त चार. दत्तोबा दोरी ओढायला वाकले तेव्हा तीन.

मी म्हणाले, "मुकादम, तुम्ही मधे बसा. मागं फक्त चार बोटं जागा राहिलीय."

दिगंबरनं मोबाईलवरून मान उचलली. "कितवीला?"

"दहावीत जाणार."

"आधी जा तर खरी. मग होडी शिकव." काठावरचे जेसीबीवाले खदखदून हसले. "अहो संभाजीराव, होडी तुम्ही चालवता की कन्या? तसं सांगा, पगारपत्रकावर नाव बदलतो."

आता आप्पा म्हणतील, मला वाटलं. गेनबा भोयाचा मुलगा आता म्हणेल.

आप्पा म्हणाले, "गप, मैना."

कान असे तापले की वाटलं नदीत बुडवले तर चर्र वाजेल.

दुपारी काठावर भाकरी सोडली तेव्हा आई आप्पांना म्हणाली, "पोरगी खोटं बोलली का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? त्येला उठवला तर उद्या दुसऱ्याची होडी आणंल. मला काय कळत न्हाई का गं प्रेमला? मी सांभाळतो ना. हळू चालवतो."

"मामंजी असते तर..."

"त्येंच्या टायमाला दुसरी होडी नव्हती गावात!" आप्पा एवढ्या जोरात बोलले की त्यांच्या हातातला कांदा खाली पडला. त्यांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि न खाता ठेवून दिला.

सहाव्या दिवशी सकाळी नदी वेगळी दिसली. वरच्या बंधाऱ्याची दारं काढली होती. पावसाआधी काढतातच. पाणी रोजच्यापेक्षा वर आलेलं आणि पळत होतं. आप्पा काठावर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

"आज अर्धाच पट्टा ओढू," ते म्हणाले.

"आज सरकारी इंजिनिअर मॅडम काम तपासायला येणार आहेत," दिगंबर म्हणाला. "आज दीड ओढा."

तर आम्ही पाच जण होडीत. मागं इंजिनावर आप्पा, त्यांच्या शेजारी मुकादम, दोरीपाशी दत्तोबा. मधे आई. पुढच्या टोकाला मी, वल्हं जवळ घेऊन. मागं दोरीला जलपर्णीचा तो दीडपट हत्ती. आम्ही धारेबरोबर खाली, काठाच्या दिशेनं निघालो होतो. वाटेत कुणाच्या तरी जुन्या पाण्याच्या मोटारीचा लोखंडी खांब नदीत उभा आहे. आम्ही त्याच्या बाजूनं नीट गेलो. पण पट्टा नाही गेला. तो खांबाला बसला आणि अडकला.

होडीला असा हिसका बसला की आई गुडघ्यावर पडली. दोरी ताठ झाली. आता बघा काय झालं होतं: होडी मागून बांधल्यासारखी झाली होती. वरून येणारं सगळं पाणी मागच्या पत्र्यावर येऊन आपटत होतं. होडीचं तोंड निमुळतं आणि उंच असतं ते पाणी फाडायला. मागचा भाग सपाट. त्यात आमचा तर कापलेला.

"जोर लावा!" दिगंबर ओरडला. "ओढा, ओढा, सुटेल!"

आणि आप्पांनी इंजिनाचा जोर वाढवला.

सहा दिवस ज्याचं ऐकायची सवय झाली होती, त्याचं हातानं आपोआप ऐकलं. होडी पुढं ओढायला गेली, दोरीनं तिला मागं खाली ओढलं. मागची बाजू बसली. मी पुढून बघत होते, खाचेतून पाणी आत आलं. उसळून नाही, आवाज करत नाही. बाई कळशी तिरपी करते ना, तसं सरळ, जाड, काळं पाणी. आप्पांची पावलं बुडाली. आणि पाणी आत आलं की मागं वजन वाढतं, वजन वाढलं की अजून पाणी येतं. मला ते सगळं एका क्षणात कळलं. एवढं स्पष्ट मला गणितही कधी कळलेलं नाही.

मुकादम उभा राहिला. होडीत उभा! होडी डावीकडं कलली आणि दत्तोबांनी 'आई गं' म्हणून त्याचीच पॅंट धरली.

"बसाऽऽ!"

हा आवाज माझा होता. पलीकडच्या काठावर ऐकू गेला म्हणतात. "मुकादम, खाली बसा! आप्पा, इंजिन कमी करा, एकदम नाही, हळूहळू! आई, दोरी काप!"

आईनं मागंपुढं बघितलं नाही. कमरेचा विळा काढला, रांगत गेली आणि दोरीवर घाव घातला. एक घाव. ताणलेली दोरी बंदुकीसारखी वाजली आणि होडी सुटली.

"आता पुढं या. रांगत. एकेक. दत्तोबा आधी."

दत्तोबा पाण्यातून रांगत आले. त्यांच्या मागं दिगंबर मुकादम, काळ्या पाण्यात चार पायांवर, पांढऱ्या पॅंटमध्ये, दातात मोबाईल धरून. मला हसायला आलं नाही. आत्ता लिहिताना येतंय.

वजन पुढं आलं तशी मागची बाजू वर उचलली. पाणी आत येणं थांबलं. पण इंजिनानं पाणी पिऊन जीव सोडला होता आणि होडी धारेत आडवी होत होती. आडवी झाली असती तर होडीच्या काठावरून पाणी आत आलं असतं. मी वल्हं पाण्यात घातलं. दोन्ही पाय बसायच्या फळीला रोवले आणि ओढलं. होडी अर्धी पाण्यानं भरलेली, म्हणजे म्हैसच. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा पण नाही. तिसऱ्यांदा तिनं तोंड फिरवायला सुरुवात केली, हळूहळू, आणि शेवटी धारेच्या समोर तोंड करून उभी राहिली. मग पाणी दोन्ही अंगांनी सुमडीत निघून जायला लागलं.

आप्पा घमेल्यानं पाणी उपसत होते. आई हातांनी. मी वल्हं मारत होडी तिरकी तिरकी काठाला आणली. तळहाताचं कातडं निघालं होतं, ते काठावर आल्यावर कळलं.

काठावर इंजिनिअर मॅडम उभ्या होत्या. डोक्यावर टोपी, हातात फाईल. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दिगंबर उतरला, पॅंट पिळली आणि लगेच सुरू झाला. "मॅडम, होडीच खराब आहे. आणि हे होडीवाले, यांना इंजिनाची सवय नाही. मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, दुसरी होडी बघू."

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, परत 'गप'.

"चूक माझी हाय," आप्पा म्हणाले.

दिगंबरनं वळून बघितलं. एवढी सोपी कबुली मिळेल असं त्याला वाटलं नसावं.

"होडीत माणूस कुठं बसवायचा ते होडीवाल्यानं सांगायचं असतं. मी सांगितलं न्हाई. अमीन म्हणाला आडवा पत्रा लाव, मी लावला न्हाई. ही पोरगी तीन दिसांमागं बोटं लावून म्हणाली, मागं जागा ऱ्हायली न्हाई. मी हिला गप केली. काम जाईल म्हणून भ्यालो." आप्पा पाण्यानं निथळत होते, पण ताठ उभे होते. "आता काम ऱ्हावू द्या न्हाईतर जावू द्या. पण ह्या होडीत पुन्हा मुकादम ठरवणार न्हाई. मी ठरवीन. आणि मी चुकलो तर ही ठरवंल."

आईनं पदर तोंडाला लावला. दत्तोबा म्हणाले, "मॅडम, ह्या पोरीनं वरडून मुकादमाला बशिवला नसता तर मी आता मुंढव्याच्या खाली कुठंतरी गावलो असतो." मॅडम म्हणाल्या, "मुंढवा वरच्या बाजूला आहे." दत्तोबा म्हणाले, "मला पवता येत न्हाई, मला दिशा कशा म्हाईत असणार?"

मॅडम हसल्या, पण लगेच थांबल्या. माझ्याकडं वळल्या. "चार बोटं म्हणजे काय? दाखव."

मी दाखवलं. तिथंच, भिजलेल्या फ्रॉकमध्ये, होडीच्या खाचेशी उभी राहून. वजन कुठं होतं, पाणी कुठून आलं, मागून दोरी अडकली तर इंजिनाचा जोर का वाढवायचा नाही, ओढायची दोरी सोडता येईल अशी का बांधायची. सात-आठ मिनिटं बोलले असेन. वक्तृत्व स्पर्धेत मला पाचव्या मिनिटाला घंटा वाजवून बसवतात. इथं कुणी घंटा वाजवली नाही. मॅडमनी फाईलमध्ये लिहून घेतलं आणि दिगंबरला म्हणाल्या, "या होडीचं काम तीन दिवस बंद. दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं. मग मी येऊन बघेन. आणि होडीत प्रत्येकाला जॅकेट लागतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं की आणायचं राहिलं?"

दिगंबर म्हणाला, "राहिलं."

अमीनचाचांनी पैसे कुणाचे हे विचारलंच नाही, आधी आप्पांना शिव्या दिल्या. मराठीत आणि मग पुरल्या नाहीत म्हणून हिंदीत. मग त्यांनी इंजिनाच्या पुढं गुडघ्याएवढा आडवा पत्रा लावला, दोन्ही काठांना घट्ट वेल्ड केला, आणि कप्प्यातलं पाणी बाहेर जायला मागं दोन भोकं पाडली. नूरबानूचाचींनी चहा आणला आणि माझ्या तळहातांना हळद लावली. चाचा म्हणाले, "बोल मैना, अजून काय पाहिजे?" असं विचारलं त्यांनी मला. मला! मी म्हणाले, पेट्रोलचा डबा मागं नको, पुढं ठेवायला कडी करा. त्यांनी केली. मग आम्ही होडी ओढ्यात सोडून, आत सहा पोती वाळू पुढंमागं सरकवून बघितली. आप्पा पोती उचलायचे आणि मी बोटं लावायची. संध्याकाळपर्यंत ठरलं: ओढायचं काम असेल तेव्हा पाच माणसं, त्यातलं मागं एकच.

चौथ्या दिवशी सकाळी काठावर नारिंगी जॅकेटं आली होती. नवी कोरी, प्लास्टिकचा वास येणारी. एक जूनही उलटून गेला होता आणि सोसायटीवाल्यांनी दुसरा वॉचमन बघितला होता, हे आईनं सकाळी चुलीपाशी सहज सांगितलं आणि भाकरी उलटवली.

दत्तोबा चढले, त्यांना मी मधे बसवलं. आई चढली. नवीन आलेला एक मजूर चढला, तो उजवीकडं. आप्पा इंजिनापाशी. पुढं मी.

दिगंबर आला. आज काळी पॅंट होती. त्यानं जॅकेटचे बंद बांधले, बूट काढून हातात घेतले आणि एक पाय होडीच्या काठावर ठेवला.

मी म्हणाले, "मुकादम, पाच झाले. तुम्ही पुढच्या खेपेला."

तो आप्पांकडं बघायला लागला. जेसीबीवालेही बघायला लागले. आप्पा नदीच्या धारेकडं बघत होते, जसं काही त्यांना काही ऐकूच आलं नाही.

दिगंबरनं पाय काढून घेतला. "किती वेळ लागेल?" त्यानं मला विचारलं.

"अर्धा तास," मी म्हणाले. "सावलीत बसा."

आणि वल्ह्यानं काठ ढकलला.